भोकांची मोजदाद

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नागपुरात
इन्क्युबेटरला काही काम उरत नाही.
त्याला तापवणं येतं, निववणं येत नाही.
वर आकडा सदतीसचा,
आणि खोलीच एक्केचाळीस.
लाइन गेली, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कोरड्या झाल्या,
आतल्या पेशी शिजल्या.
पिंपळापुरे मॅडम खिडकीशी प्लेट धरून म्हणाल्या,
पुन्हा.

पुन्हा म्हणजे
साठ वर्षांपूर्वी मेलेल्या एका माकडिणीच्या मूत्रपिंडाची
ही न संपणारी वंशावळ
बाटलीच्या तळापासून सोडवायची,
सहा खळग्यांत सारखी पेरायची,
आणि थर धरेपर्यंत थांबायचं.
विरळ राहिला तर कळत नाही
भोक कुठलं, आणि मुळातच रिकामं कुठलं.
मग वरून बकऱ्यांच्या देवीचा विषाणू,
लशीतला, दमवून दमवून माणसाळवलेला,
पाण्यात पाणी घालावं तसा पातळ करत नेलेला.
त्यावर अगरचं झाकण,
म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या शेजारालाच गाठावं,
गावभर उंडारू नये.

तिसऱ्या खेपेला अगर ऊन पडला.
चौथ्या खेपेला मी घाईत प्लेट कलती केली,
भोकांना शेपट्या फुटल्या.
पाचव्या खेपेला रंग ओतला, धुतला,
सगळं जांभळं, सलग, कोरं करकरीत.
काचा धुणारा मोरेश्वर निनावे वाकून बघत म्हणाला,
"वा वो ताई, यावेळी एकबी भोक नाही. जमलं ना!"

त्याचा बापही कोष्टीच.

तांडापेठेत आमचा खड्डामाग होता.
बाबा लुगडं उतरवून दारात उजेडाला धरायचे
आणि त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही.
इतवारीचा व्यापारी भिंग लावायचा.
मुगाएवढं भोक दिसलं की मजुरीतून चार रुपये.
आई रात्री त्याच रंगाचा धागा ओढून
भोकाच्या जागी पुन्हा उभं-आडवं विणायची,
इतकं बारीक, की सकाळी तिलाच सापडत नसे.

नोकरी लागली तेव्हा बाबांना समजावून सांगितलं.
पेशींचं कापड, त्यातली भोकं,
भोकांवरून लशीचा जोर.
त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं.
"म्हंजे तू धड कापडाले भोकं पाडून राहिली?"
हो.
"अन् मोजून राहिली?"
हो.
"अन् पगार कोन देते?"
सरकार.
खोकला येईस्तोवर हसले.

सहाव्या खेपेला मी अक्कल सोडून हट्ट केला.
सगळ्या इमारतीत धड चालणारा एसी एकच,
हिशेबनीस हाडके साहेबांच्या खोलीत.
इन्क्युबेटर तिथे, फायलींच्या कपाटाला लावून.
हाडके म्हणाले, बकऱ्यांच्या रोगाशेजारी मी डबा खाऊ?
त्यांनी सहा दिवस व्हरांड्यात खाल्ला,
रोज नव्या शिव्या दिल्या,
आणि लाइन गेली की
धावत जाऊन जनरेटरवाल्याला उठवलंही त्यांनीच.

आज पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत,
रंग धुतला.

गोल. स्वच्छ काठाची. एकमेकांपासून फटकून.
प्रत्येकाच्या मधोमध कधीतरी
एकच जण उतरला होता,
त्याने शेजारी खाल्ला, शेजाऱ्याचा शेजारी खाल्ला,
आणि अगरच्या आत जेवढं जमेल तेवढं
आपलं नाव गिरवलं.

प्लेट उलटी करून मी पेनाने ठिपके देत गेले.
त्रेचाळीस.
मॅडम म्हणाल्या, वहीत लिही.
लिहिण्याआधी पुन्हा मोजली.
बेचाळीस.
काठाशी दोन लागून आहेत,
किंवा एकच आहे, कमरेत आवळलेलं.
खिडकीशी गेले, उजेडाला धरलं,
खोलीत कुणी बोललं नाही.
बाबा असते तर त्यांनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं असतं
एक की दोन,
आणि कितीचं नुकसान.